इडुक्कीत कोको-कॉफीच्या मळ्यात चाखणीला जाताना

केरळात कोचीहून इडुक्की जिल्ह्यातल्या मुन्नारला निघालं की नेरियामंगलमच्या पुलानंतर घाट सुरू होतो. चीयप्पारा आणि वालरा हे धबधबे मागे पडले की अडिमाली येतं. बहुतेक गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि चहाच्या मळ्यांकडे निघून जातात. पण कोको आणि कॉफी एकाच बागेत बघायची असेल आणि फळापासून चॉकलेटच्या वडीपर्यंत व कॉफीच्या कपापर्यंत टप्प्याटप्प्याने चाखायची असेल, तर मुक्काम इथेच करावा. मुन्नार साधारण १५०० मीटरवर आहे आणि तिथली थंडी कोकोला मानवत नाही. कोकोला ऊब, दमट हवा आणि डोक्यावर सावली लागते. अडिमाली, तोडुपुळा, कुमिळी या पट्ट्यात ते सगळं आहे. नारळ, सुपारी, फणसाखाली कोको, शेजारी रोबस्टा जातीची कॉफी आणि उंच झाडांवर चढवलेले मिरीचे वेल अशी मिसळलेली बाग इथल्या छोट्या शेतकऱ्याकडेही असते.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण बाकी सगळी तयारी तिच्यावर ठरते. आपण ज्याला चॉकलेटची चव म्हणतो ती कोकोच्या फळात नसते. ती आंबवण्याच्या पेटीत जन्माला येते आणि वाळवणीत टिकते किंवा बिघडते. कॉफीचंही बरंचसं तसंच आहे. त्यामुळे जी फेरी झाडं दाखवून थेट दुकानात नेते, तिथे मुख्य गोष्ट बघायचीच राहते.

कधी जायचं

डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत चांगला. रोबस्टाची तोडणी सुरू असते, लाल फळं झाडावर दिसतात, अंगणात वाळवण पसरलेलं असतं. कोकोला फळं जवळजवळ वर्षभर येतात. केरळात त्याचे दोन बहर मोठे, एप्रिल ते जुलै आणि सप्टेंबर ते जानेवारी. म्हणजे हिवाळ्यात दोन्ही पिकांचं काम एकाच दिवशी बघता येतं. नाताळचा आठवडा मात्र टाळा. रस्ते भरलेले असतात आणि मळ्यावर मोठे गट असल्याने कोणालाच नीट वेळ मिळत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या सरींनंतर कॉफी फुलते. आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरी होते, मोगऱ्याच्या जवळचा वास सुटतो आणि तीन-चार दिवसांत फुलं करपून जातात. सुंदर दृश्य, पण ते बेत आखून साधत नाही, आणि तेव्हा चाखायला ताजं फारसं काही नसतं. जून ते नोव्हेंबर हा काळ नवख्यांनी सोडून द्यावा. नैऋत्य मोसमी पाऊस संपतो तोवर परतीचा सुरू होतो, बागेत जळवा असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊन नसल्याने वाळवण धड होत नाही.

फोनवर काय विचारायचं

नोंदणी करताना पैशांआधी हा प्रश्न विचारा: “सध्या पेटीत माल आहे का? कितवा दिवस चालू आहे?” इडुक्कीतले अनेक छोटे शेतकरी फळं फोडून ओल्या बियाच विकतात, आंबवणं आणि वाळवणं खरेदीदार करतो. ते शेतकरी काही चूक करत नाहीत, पण तिथे तुम्हाला अर्धीच गोष्ट दिसेल. स्वतः आंबवणारा मळा असेल तर माणूस लगेच दिवस सांगतो. तिसरा किंवा चौथा दिवस सांगितला तर त्याच दिवशी जा, कारण पेटी तेव्हा सर्वांत गरम असते.

मग कॉफीबद्दल. चाखायला देणार ती याच बागेतली आहे का, भाजणी कुठे होते, आणि एकच कप देणार की दोन-तीन प्रकार शेजारी मांडणार? एकट्या कपावरून नवख्याला काहीच कळत नाही, तुलना लागतेच. गटात किती माणसं असतील तेही विचारा. आठ-दहाच्या वर गेली की मागच्याला ऐकू येत नाही आणि बिया हातात येत नाहीत. नीट फेरीला अडीच ते तीन तास लागतात. पाऊण तासात “सगळं” दाखवतो म्हणणारा मळा चाखणीसाठी घेऊ नये.

भाषेची अडचण फारशी येत नाही. इंग्रजी चालते, तमिळ बऱ्याच जणांना येते, हिंदी कमी. वयाने मोठ्या माणसाला ‘चेट्टा’ आणि बाईला ‘चेची’ म्हटलं तर माणसं मोकळी होतात.

आदला दिवस आणि सकाळ

मुंबई-पुण्याहून विमानाने कोची किंवा कोकण रेल्वेच्या गाडीने एर्नाकुलम, आणि पुढे रस्त्याने. कोची ते अडिमाली अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण शेवटचा टप्पा वळणांचा. गाडी लागलेल्या माणसाची जीभ त्या दिवशी कामाची राहत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी पोहोचा आणि फेरी सकाळी नऊ-साडेनऊची घ्या.

सकाळी नाश्ता जरूर करा. रिकाम्या पोटी रोबस्टा घेतली तर पित्त खवळतं, हातही थरथरतात. इडली किंवा तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू ठीक. लसूण, लोणचं, माशाचं तिखट कालवण नको. चहा-कॉफी, तंबाखू, पान, पुदिन्याची गोळी हे सगळं निदान तासभर आधी बंद. अत्तर लावू नका, कारण तुमच्या अत्तराने शेजाऱ्याचाही वास घेणं बिघडतं. पूर्ण लांबीची पँट, मोजे, तळव्याला पकड असलेले बूट घाला. फिका रंग टाळा, कारण कोकोच्या गराचा रस वाळला की तपकिरी डाग पडतो आणि तो सहजी निघत नाही.

कोकोच्या झाडाखाली

पहिल्यांदा खोडाकडे बघा. कोकोची फुलं आणि फळं थेट खोडावर व जाड फांद्यांवर येतात. फूल नखाएवढं असतं, आणि शेकडो फुलांमधून मोजकीच फळं धरतात, कारण परागीकरण बारीक चिलटांवर अवलंबून आहे. ही चिलटं कुजणाऱ्या पानांत आणि फळांच्या टरफलांत वाढतात. झाडाखाली पालापाचोळा साचलेला दिसला तर तो मुद्दाम ठेवलेला असतो. झाडून लख्ख केलेली कोकोची बाग दिसायला छान, फळधारणेला वाईट.

फळ पिकायला पाच ते सहा महिने लागतात. हिरवं फळ पिवळं होतं, तांबूस फळ नारिंगी. स्वतः तोडायला हात लावू नका. फळ पिरगाळून ओढलं तर खोडावरची गादी फाटते, आणि पुढची फुलं त्याच गादीतून येणार असतात. माहीतगार माणूस धारदार सुरीने फक्त देठ कापतो. २०२४ मध्ये वाळलेल्या कोकोचा केरळातला भाव किलोला हजार रुपयांच्या आसपास गेला होता. तो पुढे उतरला, पण एक फळ म्हणजे पैसा आहे हे लक्षात असू द्या. काळं पडलेलं फळ दिसलं तर तो पावसाळी बुरशीचा, फायटोफ्थोराचा रोग. भोक पडलेलं दिसलं तर उंदीर किंवा खार.

फळ फोडतानाही बघण्यासारखं आहे. ते दगडावर किंवा लाकडावर आपटतात. सुरीने चिरलं तर पातं बियांना लागतं, आणि जखमी बीमध्ये बुरशी शिरते. आत मधल्या देठाला चिकटलेल्या तीस-चाळीस बिया, पांढऱ्या गरात बुडालेल्या. इथे पहिली चव घ्या. एक बी तोंडात ठेवून फक्त गर चोखा. आंबटगोड, रामफळ-लिचीच्या अंगाने जाणारा, चॉकलेटशी काहीही नातं नसलेला. मग तीच बी दातांनी अर्धी करा. आत जांभळी, चवीला कडू आणि जीभ आवळणारी तुरट. गिळू नका, थुंका. ही तुरट चव डोक्यात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती किती कमी झाली हेच मोजायचं आहे.

पेटी आणि वाळवण

फेरीचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

ओल्या बिया लाकडी पेटीत, किंवा माल कमी असेल तर केळीची पानं अंथरलेल्या बांबूच्या टोपलीत भरतात आणि वरून गोणपाटाने झाकतात. पहिले दोन दिवस हवा कमी मिळते. यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, गर वितळून खालच्या फटींतून गळतो, वास ताडीसारखा येतो. मग माल उलथतात. हवा आत गेली की अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगर, आणि तापमान ४५ ते ५० अंशांवर चढतं. विचारून पेटीत हात घाला, आतली ऊब आश्चर्य वाटावी इतकी असते. या उष्णतेने आणि आम्लाने बीतला अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, प्रथिनं आणि साखर सुटी होते. भाजताना चॉकलेटचा वास ज्यांच्यातून निघतो ते घटक इथे तयार होतात. साधारण पाच ते सात दिवस, आणि दर एक-दोन दिवसांनी उलथणं.

चूक कुठे होते? माल फार कमी असेल तर ऊब धरत नाही आणि बी करडी, पाटीच्या रंगाची राहते. उलथायला आळस केला तर वरचा माल आंबतो, कडेचा राहतो. दिवस जास्त झाले तर कुजकट, अमोनियाचा वास येतो, आणि तो भाजूनही जात नाही.

पाच-सात दिवसांनी बिया उन्हात. इथे घाई केली, यंत्राच्या कडक उष्णतेत पटकन वाळवलं, तर वरचं साल आधी कडक होतं, आम्ल आत अडकतं आणि चॉकलेट आंबट लागतं. फार सावकाश वाळवलं तर बुरशी. चुलीच्या धुरावर वाळवलं तर धुरकट वास कायमचा बसतो. पावसाळ्यातल्या मालात हा दोष जास्त सापडतो. ओलावा ६ ते ७ टक्क्यांवर आला की काम झालं. शंभर किलो ओल्या बियांतून पस्तीस-चाळीस किलो वाळलेल्या मिळतात.

वाळलेल्या दहा बिया मागून घ्या आणि त्या उभ्या चिरायला सांगा. खरेदीदारही मालाची परीक्षा अशीच करतात, फक्त मोठ्या संख्येने. आत तपकिरी आणि घड्या-भेगा पडलेल्या म्हणजे छान आंबलेल्या, जांभळ्या म्हणजे अर्धवट, करड्या आणि घट्ट म्हणजे न आंबलेल्या. दहांत एखादी-दुसरी जांभळी चालते. तीन-चार करड्या निघाल्या तर पुढे चॉकलेट तुरट का लागलं ते तुम्हाला आधीच कळलेलं असेल.

भाजणं, पाखडणं, घोटणं

कोको साधारण १२० ते १४० अंशांवर वीस-तीस मिनिटं भाजतात. मग फोडून पाखडतात, साल उडतं, तुकडे राहतात. दुसरी चव या तुकड्यांची: सावकाश चावा, आधी कडू, मग भाजक्या शेंगदाण्याचा तेलकटपणा. बीच्या वजनात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते, म्हणून घोटल्यावर तुकड्यांचा पाणी न घालता पातळ लगदा होतो. घोटण्याच्या यंत्राकडे लक्ष द्या. जगभरातले छोटे चॉकलेटकार जी दगडी यंत्रं वापरतात, ती मूळची तमिळनाडूतल्या इडलीचं पीठ वाटणाऱ्या ग्राइंडरची सुधारलेली रूपं आहेत. साखर घालून ती एक ते तीन दिवस अखंड चालतात, कण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येईपर्यंत. त्याहून जाड राहिला तर जिभेला रवाळ लागतो.

कॉफीच्या ओळीत

कोकोच्या उंचीवर मिळणारी कॉफी बहुतेक रोबस्टाच असणार. अरेबिका ही दुसरी मुख्य जात बघायची तर याच जिल्ह्यातल्या उंच भागात, कांतल्लूर-मरयूरकडे जायला हवं. रोबस्टा म्हणजे हलक्या प्रतीची कॉफी हा समज सोडून द्या. भारतातल्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टाच असते, आणि नीट तोडलेली, नीट वाळवलेली रोबस्टा भरदार लागते. खराब नाव पडलं ते कच्ची-पिकी फळं एकत्र ओरबाडण्यामुळे.

पिकलेलं लाल फळ बोटांनी दाबा, दोन बिया बाहेर सरकतील. सालीचा आतला भाग किंचित गोड लागतो. कधी एकच गोल बी निघते. तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी विकतात. तोडलेला माल पाण्यात टाकताना दिसला तर थांबा. पोकळ आणि किडकी फळं तरंगतात, चांगली बुडतात. इडुक्कीत बहुतेक फळं सालासकट उन्हात वाळवतात. या वाळक्या फळाला बाजारात ‘उंडाकाप्पी’ म्हणतात. थर चार-पाच सेंटिमीटरचा, दिवसभर ढवळायचा, रात्री झाकायचा. बारा ते पंधरा दिवसांत फळ हलवलं की आत बी खुळखुळते. थर जाड ठेवला किंवा दव लागू दिलं तर कपात ओल्या पोत्याचा वास येतो. हा दोष एकदा ओळखता आला की कुठल्याही कॉफीत ओळखता येतो.

काही मळ्यांवर पाहुण्यांसमोर कढईत कॉफी भाजून दाखवतात. बघायला मजा येते, पण तिच्यावरून मत बनवू नका. कढईत बी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. शिवाय भाजल्यावर निदान आठ तास विसावलेली कॉफीच चाखण्यायोग्य असते.

चाखणीचं टेबल

क्रम आधी ठरवा: चॉकलेट आधी, काळी कॉफी नंतर, दूध-साखरेची फिल्टर कॉफी सर्वांत शेवटी. सुंठ-मिरी-गुळाची चुक्कु काप्पी देऊ केली तर ती निघताना घ्या. तिच्यानंतर तासभर दुसरं काही कळत नाही.

चॉकलेटचा तुकडा पाचेक ग्रॅमचा पुरे. आधी मोडून आवाज ऐका. चांगलं चॉकलेट टक्कन तुटतं. मऊ वाकलं तर खोली गरम आहे किंवा चॉकलेटची स्फटिकं नीट जमवलेली नाहीत. मग वास, मग जिभेवर ठेवून वितळू द्यायचं, चावायचं नाही. पहिल्या दहा सेकंदांत गोडी आणि आंबटपणा, मध्ये भाजणीची चव, शेवटी तुरटपणा. तोंडातून गेल्यावर काय उरतं ते मिनिटभर बघा. कोकोच्या कमी टक्क्यांकडून जास्त टक्क्यांकडे जा. दोन तुकड्यांमध्ये कोमट पाणी आणि साध्या पावाचा किंवा पोळीचा घास. थंड पाण्याने कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी, जिभेवर थिजतं.

कॉफीसाठी १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम हे जगभर वापरलं जाणारं प्रमाण आहे. २०० मिलीचा पेला असेल तर ११ ग्रॅम. पूड जाडसर, रव्याइतकी. कोरड्या पुडीचा वास घ्या. उकळी आल्यावर मिनिटभर थांबून, ९३ अंशांच्या आसपासचं पाणी थेट पुडीवर ओता आणि चार मिनिटं हात लावू नका. वर साय धरते. चमच्याच्या मागच्या बाजूने ती तीनदा सारा आणि नाक अगदी जवळ न्या. सर्वांत जास्त वास याच क्षणी येतो. फेस काढून टाका, आणखी चार-पाच मिनिटं थांबा, मग चमच्याने सुर्रकन आवाज करत ओढा. लाजू नका. आवाज होतो तेव्हाच हवा आत जाते आणि वास टाळ्यामागून नाकापर्यंत पोहोचतो. प्रत्येक कप गरम, कोमट आणि थंड असा तीनदा चाखा. थंड झाल्यावरही चांगली लागते ती कॉफी खरी. दोष गरम असताना लपतात.

थुंकायला पेला मागून घ्या, त्यात संकोच नको. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. गर्भवतींनी आणि हृदयाचे ठोके अनियमित होणाऱ्यांनी गिळू नये, मुलांना गर आणि चॉकलेटपुरतंच ठेवावं.

टिपणात “छान” लिहून उपयोग नाही. आंबट, कडू, तुरट, गोड यांना प्रत्येकी एक ते पाच गुण द्या आणि पुढे आठवलेला एक पदार्थ लिहा: काजू, गूळ, चिंच, मिरी, काहीही. तुमचा शब्द चेट्टांच्या शब्दाशी जुळलाच पाहिजे असं नाही.

विकत घेताना

मुन्नार-कुमिळीच्या बाजारात ‘होममेड’ म्हणून मिळणारं बरंचसं चॉकलेट तयार लाद्या वितळवून, साच्यात ओतून केलेलं असतं. घटक वाचा. कोको, कोको बटर आणि साखर असेल तर ठीक. हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी लिहिली असेल तर तुम्ही पेटीत पाहिलेल्या बियांशी त्याचा संबंध नाही. मळ्यावरच्या वडीवर अन्न परवान्याचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख हवी. उदमांजराच्या विष्ठेतून काढलेली महागडी कॉफी कोणी दाखवली तर घेऊ नका. त्यासाठी जनावरं पिंजऱ्यात ठेवल्याची उदाहरणं आहेत आणि भेसळही सर्रास होते.

कॉफी अख्ख्या बियांची घ्या, भाजल्याची तारीख बघा, घरी हवाबंद डब्यात उजेडापासून दूर ठेवा आणि महिन्याभरात संपवा. फिल्टरसाठी पूड घेत असाल तर चिकरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के आहे ते विचारा. ताज्या कोको बिया गच्चीत लावायच्या हौसेने पिशवीत भरू नका; वाळल्या की त्या रुजत नाहीत.

चॉकलेट सर्वांत शेवटी घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एर्नाकुलमच्या दुपारी बंद गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. विमानात हातातल्या पिशवीत, रेल्वेत वातानुकूलित डब्यात. वितळून पुन्हा गोठलेल्या वडीवर पांढरट थर येतो. ती बुरशी नसते, चरबी वर आलेली असते. खायला हरकत नाही, पण टक्कन तुटणं गेलेलं असतं. अशी वडी गरम दुधात विरघळवून प्यावी.